वायर हातात असताना

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण दिवस पुढे सरकायचा तो आबांच्या आकड्यांवर. अहमदपूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या आणि रस्त्याकडची पत्र्याची पडवी म्हणजे माझ्या वडिलांचं, आबांचं, मोटर वायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या, बोअरवरच्या, पिठाच्या गिरणीतल्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या. आबा त्यांतलं काळं पडलेलं तांबं उपसून काढायचे आणि नव्या तारेचे वेढे लाकडी साच्यावर हातानं भरायचे. हे काम ते नांदेडला एका उस्तादांकडं शिकले होते. उस्ताद दखनी उर्दूत मोजायचे, म्हणून आबाही तसंच मोजायचे. त्यांचं बोलणं मराठी, देव मराठी, शिव्याही मराठी, पण तार हातात आली की तोंडातून निघायचं ते ‘उनसठ, साठ, इकसठ’. सकाळी चूल पेटायच्या आधी ते सुरू व्हायचं. माय भाकरी थापायची तिचा थपथप आवाज आणि बाहेरचे आकडे एका तालात चालायचे. पडवीतल्या पत्र्याच्या पेटीत दोन मोठे बल्ब लावून आबा व्हार्निश दिलेल्या मोटारी भाजायचे. तो गोडसर, घशाला खवखवणारा वास आमच्या अंथरुणाला, शाळेच्या कपड्यांना, अगदी अंबाडीच्या भाजीलासुद्धा यायचा. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी म्हणायची, तुझ्या डब्याला रंगाचा वास येतो. मला तो वास येतच नव्हता, त्यामुळं मला ती खोटं बोलते असं वाटायचं.

त्या मोजणीपायी घरात एकच कडक नियम होता. आबांच्या हातात वायर असली की कुणी बोलायचं नाही. मी सहा-सात वर्षांची असताना पडवीतून पळत आले आणि विचारलं, ‘‘आबा, पेरू घेऊ का?’’ आबा थांबले. आकडा गेला होता. ते रागावले नाहीत. साच्यावरचे सगळे वेढे त्यांनी उलटे सोडवले, तार परत रिळावर गुंडाळली आणि ‘एक’पासून पुन्हा सुरू केलं. मी तिथंच उभी राहून ते सगळं बघितलं. मग मायनं मला दंडाला धरून आत नेलं आणि हळूच म्हणाली, ‘‘एक येढा कमी पडला की मोटर जळती, संगे. कुणाचं तरी पाणी बंद पडतं. तुज्या पेरूपायी.’’ त्या दिवसानंतर मी कधी बोलले नाही. आम्ही घरातल्या घरात खुणा शिकलो. मायनं दारात भाकरी उचलून धरली की जेवायला या. तिनं दोन बोटं दाखवली की दोन पाहुणे आलेत. एकदा मामाला मुलगा झाल्याची बातमी मी अर्धा तास ओठ मिटून धरून बसले होते, कॉइल पुरी होईपर्यंत.

आता मी लातूरला राहते. एका तंत्रनिकेतनात शिकवते, पन्नाशी ओलांडली आहे, आणि खरं सांगायचं तर दमले आहे. दिवसभर वर्गात बोलून घरी येते तेव्हा घरात कुणी बोलू नये असं वाटतं. माय जाऊन बरीच वर्षं झाली. आबा माझ्याकडंच असतात. हे लिहिताना ते पलीकडच्या खोलीत पंखा किती वेगानं फिरतोय ते कान देऊन ऐकत आहेत. पंख्याचं बेअरिंग गेलंय असं त्यांनी आजच तिसऱ्यांदा सांगितलं. ते बरोबरच असणार, पण उठून बघायची ताकद माझ्यात नाही. या प्रकरणात जे लिहायचं आहे ते आमच्या दोघांचं आहे, म्हणून त्यांना विचारलं, लिहू का. म्हणाले, ‘‘लिही की. जळलं ते बी लिही.’’

मी नांदेडला बी. एस्सी. करत होते, विषय इलेक्ट्रॉनिक्स. आमच्या भावकीत कॉलेजच्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं, मुलगा नाही की मुलगी नाही. वसतिगृहात राहायचे. माय दर शनिवारी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून अहमदपूरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीच्या ड्रायव्हरकडं द्यायची आणि मी नांदेडच्या स्टँडवर जाऊन तो डबा उतरवून घ्यायचे. दोन-तीन ड्रायव्हर मला नावानं ओळखायचे. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट होता. मी ठरवलं ते असं, मोटारीच्या वायंडिंगमध्ये उष्णता मोजणारा एक बारीक भाग ठेवायचा, त्याची वायर कॉम्प्युटरला जोडायची, आणि मोटर जळण्याच्या बेताला आली की कॉम्प्युटरनं ती बंद करायची. हे सुचलं ते आबांच्या पडवीमुळंच. लहानपणापासून जळालेल्या मोटारी बघत आले होते. पण आमच्या विभागात कॉम्प्युटर दोनच होते. ते रिकामे व्हायचे संध्याकाळी, आणि आम्हा मुलींना सहाच्या आत वसतिगृहात परतावं लागायचं. सरांना विचारलं तर ते म्हणाले, ‘‘संगीता, बाहेरून येणारे परीक्षक यंत्र चालू बघतात. चाललं तर पास. नाही चाललं तर पुढच्या वर्षी पुन्हा.’’ सर वाईट नव्हते. जे होतं ते त्यांनी सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा, हे मी घरी जाऊन सांगू शकत नव्हते. आत्या प्रत्येक सणाला विचारायची, हिची शाळा सरती का न्हाई.

सुट्टीत घरी आले तेव्हा आबांच्या कानावर घातलं, अर्थात त्यांनी कॉइल खाली ठेवल्यावर. आबा म्हणाले, ‘‘कॉम्प्युटर म्हंजे काय लागतंय त्यात?’’ मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन लातूरला अप्पांकडं गेले. अप्पा तांब्याच्या तारेचे व्यापारी. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि जिभेला धार. आबा बारा-पंधरा वर्षं त्यांच्याकडून तार नेत होते. अप्पांच्या मुलानं अलीकडं कॉम्प्युटर विकायला सुरुवात केली होती आणि गिऱ्हाइकांनी बदलून टाकलेली जुनी यंत्रं त्यांच्या गोदामात पडून होती. अप्पांनी आम्हाला आत नेलं. यंत्राचा मेंदू असलेला एक जुना बोर्ड, कीबोर्ड, काळा-पांढरा पडदा, आणि विजेचा डबा, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात. घरातली वीज घेऊन ती कॉम्प्युटरला सोसेल इतकी बारीक करून देणारा हा पत्र्याचा डबा. त्यातून वायरींचा झुपका निघतो. या झुपक्याला उंदरांनी जागोजाग कुरतडलं होतं, आणि सगळं ज्या पेटीत बसतं ती पेटी तर गंजून चाळण झाली होती.

‘‘मिस्त्री, हे काय कामाचं न्हाई बगा,’’ अप्पा म्हणाले.

आबांनी कुरतडलेली वायर बोटांवर घेतली. ‘‘वायरीच खराब हायत की. वायरी आपल्या घरच्या.’’

‘‘मग न्या. पोरगी शिकून राहिली तर मी काय तिला गोदामाचं भाडं लावू?’’

त्या वायरींना आबांनी नऊ दिवस दिले. इतर मोटारी बाजूला ठेवून. पेटी म्हणून त्यांनी डाळ मिलमधला एक निकामी पॅनेल बॉक्स आणला, दार असलेला, जाड पत्र्याचा, करड्या रंगाचा. जड वस्तू खाली पाहिजे म्हणून विजेचा डबा तळाला ठोकला आणि बोर्ड वर बसवला. त्यामुळं मूळ वायरी असत्या तरी पुरल्या नसत्या. आबांनी एकेक वायर डब्याजवळ बोटभर आणि प्लगजवळ बोटभर ठेवून मधला कुरतडलेला भाग कापून टाकला, आणि तिथं आपली मऊ तांब्याची वायर डाग देऊन जोडली. प्रत्येक जोडावर आणि पुऱ्या लांबीवर वायंडिंगची पिवळी सुती नळी चढवली, ती जी मोटारीच्या टोकांवर घालतात. मग सगळा झुपका एकत्र घेऊन मोटारीची कॉइल बांधतात तशा सुती दोऱ्यानं बांधला, बोटाबोटावर गाठ, प्रत्येक गाठ मागच्या गाठीच्या रेषेत. वळणावर वायरी अशा वळवल्या होत्या की एकही दुसरीवर चढत नव्हती. मी त्यानंतर पुष्कळ यंत्रं बघितली, कंपन्यांची बघितली, हजारो वायरींची पॅनेलं बघितली. इतकं देखणं बांधकाम मला दिसलं नाही, आणि हे मी मुलगी म्हणून सांगत नाही.

कापायच्या आधी मी वहीत सगळ्या वायरींचे रंग क्रमानं लिहून ठेवले होते. कारण त्या झुपक्यातले दोन प्लग महत्त्वाचे असतात. ते बोर्डात शेजारी-शेजारी बसतात, प्रत्येकात सहा वायरी, दिसायला दोन्ही अगदी सारखे, आणि एकाच्या जागी दुसरा दाबला तर तोही बसतो. बरोबर बसवायची खूण एकच. दोन्ही प्लगांतल्या काळ्या वायरी मध्यभागी एकमेकींना लागून यायला पाहिजेत. पण आबांच्या नळीखाली सगळे रंग झाकले गेले. काळी, लाल, निळी, सगळ्याच पिवळ्या झाल्या. मोटारीत रंगाला काही अर्थ नसतो, तिथं दिवा लावून टोकं ओळखतात. मला हे दिसत होतं. नऊ दिवस मी ते बघत होते. पण नऊही दिवस वायर त्यांच्या हातात होती.

दहाव्या दिवशी दुपारी वीज आली तेव्हा पडवीत आम्ही तिघं आणि हणमंतकाका होते. हणमंतकाका चार कोसांवरच्या खेड्यातले शेतकरी, मोटर न्यायला आलेले. मायनं भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, त्यावर शेंगदाण्याचं कूट जरा जास्तच घालून, कारण दिवस तसा होता. दोन्ही प्लग मी स्वतः, नळीची टोकं नखानं जरा मागं सारून, रंग वहीशी ताडून बसवले. आबांनी बटण दाबलं. विजेच्या डब्यातला पंखा गरगरला, एक बारीक शिट्टी वाजली, आणि त्या काळ्या पडद्यावर पांढरे आकडे भराभर वर चढायला लागले. यंत्र आपली स्मरणशक्ती मोजत होतं. आबा त्या आकड्यांकडं बघत राहिले. ‘‘मोजून राहिलंय,’’ ते मायला म्हणाले. माय पदर तोंडावर घेऊन हसली. मला वाटतं माझ्या आयुष्यात मी इतकी निवांत फार कमी वेळा होते.

हणमंतकाका हातात ताटली घेऊन पॅनेलच्या मागं गेले. तिथं आबांनी पंख्यासाठी गोल जाळी कापली होती. काकांनी तिच्यापुढं तळवा धरला आणि म्हणाले, ‘‘मिस्त्री, तुमचा पंखा उलटा हाय की. वारा भाईर फेकून राहिला.’’

‘‘कसं काय?’’

‘‘या, हात लावून बगा. ऊन वारा भाईर. आत काय जाईना. आमची मोटर उलटी फिरली की पाणी येत न्हाई, तुमच्या कॉम्प्युटरला वारा येत न्हाई. दुसऱ्याच्या मोटारी सरळ करता अन् घरची उलटी.’’ आणि ते मुरमुरे चावत हसले.

आबांनी हात लावला. त्यांचा चेहरा उतरला. इथं वाचकाला मोटारीतली एक गोष्ट सांगायला पाहिजे. विहिरीतली मोटर कधी कधी जोडताना उलटी फिरते. तेव्हा मोटर वर काढत नाहीत, ती पाण्यात असते. वरती स्टार्टरच्या पेटीत दोन वायरींची अदलाबदल केली की मोटर सरळ फिरते. आबांनी हे हजार वेळा केलं असेल, डोळे मिटूनसुद्धा. आता त्यांच्यापुढं उलटा फिरणारा पंखा होता, बंद डब्यात, आणि वरती बोर्डावर त्याच डब्यातून आलेले दोन सारखे प्लग होते, शेजारी-शेजारी, बदलून घ्या म्हणत असल्यासारखे. मला ठाऊक होतं की तो पंखा बाहेरच फेकतो. आतली गरम हवा बाहेर काढण्यासाठीच तो असतो. सरांनी शिकवलं होतं, पुस्तकात चित्र होतं. आबांनी बटण बंद केलं. दोन्ही प्लग उपसले. वायर त्यांच्या हातात होती. मी खुणेनं हात वर केला, शाळेत करतात तसा, खांद्यापर्यंतच. त्यांची नजर प्लगांवर होती. त्यांनी अदलाबदल केली, अंगठ्यांनी दाबलं आणि बटण लावलं.

टच् असा एक आवाज झाला, शेंग फुटावी इतकाच. पंखा फिरलाच नाही. बोर्डाच्या मधोमध धुराची एक बारीक रेघ सरळ वर गेली. आबांनी नाकानंच ओळखलं आणि बटण बंद केलं, पण ते ओळखेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. जळालेल्या गोष्टींत आयुष्य गेलेला माणूस. कुठलं व्हार्निश जळालंय, कुठली तार, ते वासावर सांगायचे. हा वास त्यांना नवा होता.

ते आधी हणमंतकाकांकडं वळले. ‘‘तुमची मोटर तयार हाय, न्या,’’ एवढंच बोलले. काकांनी ताटली हळूच खाली ठेवली. ते गेल्यावर आबांनी मला विचारलं, ‘‘जळलं?’’

‘‘हाव.’’

‘‘कशानं?’’

मी सांगितलं. पंखा उलटा नव्हता, प्लग उलटे झाले, काळ्याशेजारी काळा यायला पाहिजे होता. बोलताना माझा आवाज इतका शांत होता की मलाच नवल वाटलं. आबा स्टुलावर बसले.

‘‘तुला आधी ठाऊक व्हतं?’’

‘‘हाव.’’

‘‘मग बोलली कामून न्हाईस?’’

उत्तर मायनं दिलं, चुलीपाशी पाठमोरी बसून. ‘‘तुमीच शिकीवलंय की. तुमच्या हातात वायर असली की ह्या घरात कुत्रं बी भुंकत न्हाई. ती काय बोलंल?’’

आबा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. रागानं नाही. भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तसाच ठेवला. मला वाटत होतं, माझं वर्ष गेलं. त्यांना काय वाटत होतं ते तेव्हा मला कळलं नाही. पुष्कळ वर्षांनी मी वर्गात चुकीचं सूत्र लिहिलं आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी वहीत बरोबर लिहून गप्प बसलेली मला दिसली, तेव्हा थोडं कळलं. आपल्यामुळं कुणी गप्प बसतं हे बघणं फार थकवतं.

दुसऱ्या दिवशी आबांनी पहिली गाडी धरली, मला घेऊन. वाटेत खिडकीतून बाहेर बघत अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत राहिले, काय मोजत होते कोण जाणे. लातूरला अप्पा नुकतेच पूजा करून दुकानात बसले होते. आबांनी जे झालं ते सगळं सांगितलं, पंख्यासकट, हणमंतकाकांसकट. काही झाकलं नाही. अप्पांनी चहा मागवला.

‘‘बरं झालं एका अर्थी,’’ अप्पा म्हणाले. ‘‘जळकी मोटर घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाचं तोंड कसं व्हतं ते तुम्हाला आरशात बगायला भेटलं.’’

आबा कसेबसे हसले.

‘‘तसला बोर्ड अजून एकच हाय. शेवटचा. त्याच्यापुढं माझ्याकडं काय न्हाई, अन् पोरगं नवीन यंत्राला हात लावू देणार न्हाई.’’ अप्पांनी बशीत चहा ओतला. ‘‘या खेपेला कोण लावणार?’’

मला वाटलं आबा म्हणतील, ती लावेल. तसं म्हणणं सोपं होतं. आबा म्हणाले, ‘‘मीच लावणार. पण ती सांगंल तवा.’’

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. ‘‘सांगशील का गं?’’

मी मान हलवली.

‘‘मुंडी नको हलवू. तोंड हाय ना?’’

‘‘सांगीन,’’ मी म्हणाले.

घरी आल्यावर आबांनी चाकू घेतला आणि नऊ दिवसांचं बांधकाम कापलं. गाठीवर गाठ, वरपासून खालपर्यंत. माय म्हणाली, नुसती टोकं उघडली तरी चालतील. ते ऐकेनात. सगळ्या नळ्या मागं सारल्या तेव्हा आतून बोटभर बोटभर जुने रंग दिसायला लागले. मायनं चोळ्या शिवायच्या डब्यातून रंगीत दोरे काढून दिले. मग आम्ही तिघं पडवीत चटईवर बसलो. मी वायर बघून रंग सांगायचे, आबा नळी परत चढवून दोन्ही टोकांना त्या रंगाचा दोरा गुंडाळून गाठ मारायचे, आणि माय दोरा निवडून द्यायची. नारंगी वायरीपाशी दोघींचं भांडण झालं. मी म्हणाले नारंगी, ती म्हणाली शेंदरी, मारुतीचा रंग तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आबा हातात वायर धरून हे सगळं ऐकत बसले. नंतर मला जाणवलं, त्या घरात वायर हातात असताना झालेलं ते पहिलं भांडण होतं. आणि आबांना ते चाललं. मध्येच म्हणाले, ‘‘तुमचं ठरू द्या, मी थांबतो.’’

बांधकाम पहिल्यासारखं देखणं झालं नाही. आबांचे हात थकले होते आणि दोऱ्यांच्या गाठींनी झुपका जाडजूड झाला होता. वीज आली ती परत दुपारीच. आबांनी दोन्ही प्लग दोन हातांत घेतले, बोर्डावर टेकवले आणि दाबायच्या आधी थांबले. माझ्याकडं बघून म्हणाले, ‘‘बोल.’’

माझी जीभ उचलेना. हे वाचायला सोपं वाटेल, पण लहानपणापासूनची सवय होती. मी वाकून बघितलं. चार काळे दोरे मधोमध शेजारी होते. उजवा प्लग नीट होता. डावा एका पिनेनं बाजूला सरकलेला होता.

‘‘आबा,’’ मी म्हणाले, ‘‘डावा सरकलाय. एक पिन भाईर राहिलीय.’’

त्यांनी प्लग काढला, परत टेकवला. ‘‘आता?’’

‘‘आता बरोबर हाय. दाबा.’’

पडद्यावर आकडे चढायला लागले. आबांनी मागं जाऊन जाळीपुढं हात धरला, बाहेर येणारी गरम हवा तळव्यावर घेतली आणि परत स्टुलावर येऊन बसले.

उरलेल्या सुट्टीत मी प्रोग्रॅम लिहिला आणि आबांनी एका छोट्या मोटारीत उष्णता मोजणारा भाग बसवला. मग ते पॅनेल आम्ही गोधडीत गुंडाळून एसटीच्या मागच्या बाकावर ठेवून नांदेडला नेलं. कंडक्टरनं विचारलं, ‘‘ह्यात काय हाय, देव हाय का?’’ आबा म्हणाले, ‘‘पोरीचा अभ्यास हाय.’’ परीक्षक वयस्कर होते. त्यांनी माझ्या प्रोग्रॅमपेक्षा जास्त वेळ पॅनेलचं दार उघडून आत बघितलं आणि विचारलं, या वायरींना दोरे कुणी बांधले. मी सांगितलं, वडिलांनी, आणि रंग मी सांगितले. मोटर तापली, आकडा वर गेला, यंत्रानं ती बंद केली. मी पास झाले. आत्यानं पुढच्या सणाला दुसरं काहीतरी विचारलं.

त्या दिवशी शिकलेलं मी पुढं आयुष्यभर वापरलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. नोकरीत कितीदा माझ्यादेखत चुकीचा प्लग चुकीच्या जागी गेला, आणि मी हात खांद्यापर्यंतच वर केला. मिटिंगमध्ये वरिष्ठ बोलत असतात आणि मला घरातले ते आकडे ऐकू येतात, उनसठ, साठ, आणि मी ओठ मिटून घेते. कधी बोलते, बहुतेकदा नाही. थकवा हा कामाचाच असतो असं नाही.

आबांना सकाळ-संध्याकाळ पाच गोळ्या असतात. एक पिवळी, दोन पांढऱ्या, एक गुलाबी, एक अर्धी करून द्यायची. पाकिटावरची अक्षरं त्यांना आता दिसत नाहीत आणि हात थरथरतात. मी कॉलेजातून येते, पर्स खुर्चीवर टाकते, आणि ते पलंगावर बसून तळहातावर सगळ्या गोळ्या मांडून माझी वाट बघत असतात, ओळीत, एकमेकींना न लागता. तोंडाशी नेत नाहीत. कधी कधी मी इतकी बेजार झालेली असते की वाटतं, घेऊन टाकायच्या की, रोजच्याच तर आहेत.

‘‘बोल,’’ आबा म्हणतात.

मी चष्मा लावते, पाकिटं उलटून पुन्हा एकदा वाचते. आज पांढऱ्या दोनऐवजी तीन आलेल्या असतात, जास्तीची उचलून बाजूला ठेवते.

‘‘आता बरोबर हाय, आबा. घ्या.’’